फॉरेन्सिक व्हॅनमधली नोकरी: एम.एस्सी.च्या प्रवेशापासून पहिल्या पंचनाम्यापर्यंत

‘ताई, क्राईम सीन इन्व्हेस्टिगेटर व्हायचं तर कोणता कोर्स करू?’ हा प्रश्न मला हल्ली सारखा येतो. बारावीची मुलं विचारतात, त्यांच्या आया विचारतात, मध्यंतरी एका निवृत्त गुरुजींनी नातीसाठी फोन केला. प्रत्येकाला तुकड्यातुकड्यांत उत्तर देण्यापेक्षा माझं जसं झालं तसं सलग लिहून टाकते. कुणाच्या उपयोगी पडलं तर पडलं.

सुरुवातीलाच एक गोष्ट सांगते, कारण ती मला एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षापर्यंत कुणी धड सांगितली नव्हती. मी शिकत होते तेव्हा आपल्याकडे या नावाची सरकारी भरती निघालेली मी कधी पाहिली नाही. घटनास्थळ पोलिसांचं. पंचनामा तपास अधिकारी करणार, ठसे उचलायला सीआयडीच्या अंगुलिमुद्रा विभागाचे ठसेतज्ज्ञ येणार, कुत्रं आणायचं तर श्वानपथक, आणि फोटोला कित्येकदा गावातलाच स्टुडिओवाला. जप्त केलेला मुद्देमाल सीलबंद होऊन प्रयोगशाळेत जायचा, ती प्रयोगशाळा गृह विभागाच्या न्यायसहायक (म्हणजे फॉरेन्सिक) वैज्ञानिक प्रयोगशाळा संचालनालयाची. मुख्यालय मुंबईत कलिन्याला, विभागीय प्रयोगशाळा नागपूर, पुणे, संभाजीनगर, नाशिक, अमरावती अशा ठिकाणी. तिथले बहुतेक लोक आयुष्यभर प्रयोगशाळेच्या टेबलाशीच काम करतात. टीव्हीवर एकच बाई ठसे घेते, डीएनए काढते, आरोपीला घाम फोडते आणि शेवटी बंदूकही चालवते. आपल्याकडे त्यातल्या प्रत्येक कामाचं खातं वेगळं आणि भरतीही वेगळी.

मी मूळची सातारा जिल्ह्यातली. बी.एस्सी. केमिस्ट्री 2021 साली झाली, शेवटची परीक्षा मोबाईलवर दिली. अण्णा एसटीत कंडक्टर, आई घर आणि दोन म्हशी बघते. फॉरेन्सिकचं डोक्यात आलं ते कॉलेजातल्या एका पाहुण्या व्याख्यानामुळे. पॉयझनिंगच्या केसमध्ये व्हिसेरा, म्हणजे शवविच्छेदनात काढलेले पोटातले अवयव, मिठाच्या संपृक्त द्रावणात का ठेवतात, एवढ्या एकाच प्रश्नावर ते सर तासभर बोलले होते.

चौकशी केली तेव्हा समोर तीन प्रकारचे पर्याय होते. एक, राष्ट्रीय न्यायसहायक विज्ञान विद्यापीठ, म्हणजे एनएफएसयू. मूळ गांधीनगरला, गोव्यात फोंड्यालाही त्यांचा कॅम्पस आहे. नाव मोठं, प्रयोगशाळा उत्तम, पण फी, वसतिगृह, मेस धरून आकडा लाखांत जात होता. दुसरा, राज्य सरकारच्या न्यायसहायक विज्ञान संस्था: मुंबई, नागपूर आणि तेव्हाचं औरंगाबाद. तिसरा, खासगी कॉलेजं. एका खासगी कॉलेजात मी आणि मामा प्रत्यक्ष जाऊन आलो. माहितीपत्रकावर सूक्ष्मदर्शकाचा सुरेख फोटो होता. लॅब उघडून दाखवा म्हटल्यावर चावी शिपायाकडे आहे आणि शिपाई रजेवर आहे असं कळलं. मामा जिन्यातच म्हणाला, ‘चल, पाच वाजताची गाडी सापडेल.’

शेवटी औरंगाबादच्या शासकीय संस्थेत प्रवेश मिळाला. सरकारी असल्यामुळे फी झेपण्यासारखी होती. खरा खर्च राहण्या-खाण्याचा: तिघींत मिळून खोली, माझ्या वाट्याला दोन हजार, मेसचे बावीसशे. कोविडमुळे सगळंच उशिरा सुरू झालं होतं आणि नेमका त्याच हिवाळ्यात एसटीचा संप लागला. ऑक्टोबर 2021 च्या शेवटापासून एप्रिल 2022 पर्यंत अण्णांचा पगार जवळजवळ बंद. एक म्हैस विकली. ती वर्गणी कुठल्या खात्यात लिहायची ते अजून ठरलेलं नाही. शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटीवर भरला होता, पण ते पैसे वर्ष उलटल्यावर आले. तेव्हा शिष्यवृत्ती येईल या हिशेबावर घरभाडं ठरवू नका. आणि आधार बँक खात्याला जोडलेलं आहे ना, हे अर्ज भरायच्या आधी बँकेत जाऊन बघा. निम्म्या मुलींचे पैसे तिथेच अडकले होते.

अभ्यासक्रमाबद्दल फार लिहीत नाही, तो कुठेही वाचायला मिळतो. मजा आली ती ठशांच्या प्रॅक्टिकलला: कागदावर निनहायड्रिन मारून गरम केलं की जांभळा ठसा हळूहळू वर येतो. दुसऱ्या वर्षी प्रकल्पासाठी काही आठवडे एका प्रयोगशाळेत बसायला मिळालं. पोलीस तिला अजूनही ‘सीए’ म्हणतात, केमिकल अॅनालायझरचं जुनं नाव. मला वाटलं होतं खुनाच्या केसेस बघायला मिळतील. दाराशी गेले तर हवालदारांची रांग, प्रत्येकाच्या हातात पिशवी, आणि निम्म्या पिशव्यांत हातभट्टीच्या दारूच्या बाटल्या. दारूबंदी आणि रक्तातलं अल्कोहोल या नमुन्यांचा ढीग कधी कमीच होत नाही. त्याखालोखाल व्हिसेरा. एका वरिष्ठ मॅडमनी तिथे मला लेबल वाचायला शिकवलं. नमुना हातात घ्यायच्या आधी पाकिटावरचं सील आणि सोबतच्या पत्रावरचं नमुना सील, म्हणजे त्याच सीलचा तुलनेसाठी उमटवलेला ठसा, जुळतं का ते पाहायचं, नाही जुळलं तर पाकीट फोडायचंच नाही. त्या वर्षात शिकलेल्यांपैकी आज रोज वापरात आहे ते हे.

जून 2023 मध्ये एम.एस्सी. झाले आणि मग काहीच झालं नाही. जाहिरातच नव्हती. तालुक्याच्या ज्युनियर कॉलेजात तासिका तत्त्वावर केमिस्ट्री शिकवायला लागले. मानधन तासावर, ते पण दिवाळीला आणि मे महिन्यात असं दोन हप्त्यांत. आत्या यायची तेव्हा एकच विचारायची, ‘मग त्या खुनाच्या कोर्सचं काय झालं?’ या काळात माझ्या वर्गातल्या बऱ्याच जणी वाटेला लागल्या: कुणी फार्मा कंपनीत क्वालिटी कंट्रोलला, कुणी बँकेच्या फसवणूक तपासणीत, एक सायबर फर्ममध्ये, आणि दोघी यूजीसी नेट देऊन शिकवायला. यात कमीपणा काही नाही. फॉरेन्सिकवाल्यांना सरकारी प्रयोगशाळेबाहेर जे काम मिळतं ते बहुतांशी असंच असतं, आणि पगार कित्येकदा बरा असतो.

फेब्रुवारी 2024 मध्ये संचालनालयाची जाहिरात आली. एकूण 125 जागा, त्यात वैज्ञानिक सहाय्यकाच्या 54. सायबर आणि मानसशास्त्राच्या जागा वेगळ्या. फॉर्मची फी खुल्या वर्गाला हजार, मागासवर्गीयांना नऊशे. मी ओबीसी, म्हणजे नऊशे. फॉर्म भरायला तीन आठवडे होते आणि त्यातले निम्मे कागदांत गेले. डोमिसाईल होतं. जात प्रमाणपत्र होतं, वैधता बारावीनंतरच करून घेतली होती, ती आईची दूरदृष्टी. नॉन-क्रिमीलेयर मात्र जुनं होतं. त्याची मुदत 31 मार्चला संपते हे सगळ्यांना माहीत असतं आणि सगळे फेब्रुवारीतच जागे होतात, त्यामुळे सेतू केंद्रावर लग्नघरासारखी गर्दी. सरकारी शुल्क थोडकं, केंद्रवाला घेतो तिप्पट, आणि तीन वर्षांच्या उत्पन्नाचा दाखला जोडला नसेल तर अर्ज परत. हे दाखले एप्रिल-मे मध्ये, गर्दी नसताना काढून ठेवत जा. फोटो आणि सहीच्या फाइलचा आकार साइटवर दिलेला असतो. तो मोबाईलवर जमवत बसण्यापेक्षा सायबर कॅफेवाल्याला वीस रुपये द्यावेत.

तयारीत माझा जास्त वेळ विषयावर गेलाच नाही. केमिस्ट्री येत होती. मराठी व्याकरण, बुद्धिमापन आणि चालू घडामोडी यांनी जीव काढला. पहाटे साडेचारला उठून समास आणि प्रयोग सोडवायचे, मग कॉलेजात मुलांना मोल संकल्पना शिकवायची. परीक्षा झाली. यादी लागली, तीत माझं नाव नव्हतं. दोन दिवस मी कुणाशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी अण्णा ड्यूटीवरून आले आणि म्हणाले, ‘गाडी चुकली तर माणूस स्टँडवरच थांबतो, घरी जात नाही.’ कंडक्टरला दुसरं काय सुचणार.

दरम्यान एक मोठी गोष्ट घडली होती. 1 जुलै 2024 पासून नवे फौजदारी कायदे लागू झाले. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 176 च्या पोटकलम 3 नुसार, सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायसहायक तज्ज्ञानं घटनास्थळी जाऊन पुरावा गोळा करायचा आणि त्या सगळ्याचं चित्रीकरण करून घ्यायचं. राज्यांना ही सोय उभी करायला पाच वर्षांपर्यंतची मुदत आहे. आजवर तज्ज्ञ बोलावणं तपास अधिकाऱ्याच्या मर्जीवर होतं. आता खून, दरोडा, बलात्कार अशा गुन्ह्यांत ते कायद्यानंच आलं. म्हणजे प्रत्येक जिल्ह्यात, रात्री-अपरात्री, जाणारी माणसं लागणार. 2025 च्या सुरुवातीला राज्यात मोबाईल फॉरेन्सिक व्हॅन फिरायला लागल्या आणि त्यांच्यासाठी माणसांची शोधाशोध सुरू झाली.

मला मिळालेलं काम कंत्राटी आहे, बाहेरच्या एजन्सीमार्फत. हे स्पष्ट लिहिते, कारण गावाकडे ‘पोरगी फॉरेन्सिकला लागली’ म्हणजे कायमची सरकारी नोकरी असं समजून एक-दोन स्थळंही येऊन गेली. अर्ज ऑनलाइन, मग मुलाखत. मुलाखतीत तिघे होते आणि त्यांनी पुस्तकातलं फार विचारलं नाही. एक प्रश्न आठवतो: ओला रक्ताळलेला शर्ट मिळाला, बाहेर पाऊस आहे, पोलीस घाई करतायत, काय कराल? मी म्हटलं, सावलीत वारा लागेल अशा जागी वाळवेन, वाळल्याशिवाय पॅक करणार नाही, आणि पॅक कागदात करेन, प्लास्टिकमध्ये नाही. ‘आणि साहेब ओरडले तर?’ ‘तर साहेबांना पंखा मागेन.’ ते हसले. निवड त्यामुळेच झाली का, ते मला ठाऊक नाही.

त्यानंतर चारित्र्य पडताळणी. ऑनलाइन अर्ज केला आणि तो एका पोलीस ठाण्यात जाऊन बसला. आठवड्यानं विचारलं तर ‘साहेब बंदोबस्ताला’, पुढच्या आठवड्यात ‘सर्व्हर डाऊन’. तिकडून एजन्सीचा रोज फोन, पडताळणी आली का. शेवटी ग्रामपंचायतीतले शिपाईकाका माझ्याबरोबर ठाण्यात आले आणि ठाणे अंमलदारांसमोर बाकावर शांतपणे तंबाखू मळत बसून राहिले. संध्याकाळपर्यंत काम झालं. मुद्दा हा की ऑनलाइन अर्ज केला तरी पोचपावतीची प्रिंट घेऊन स्वतः जायचं, आणि शिक्षणात जिथे जिथे राहिलात तिथला पत्ता आधीच तारीखवार लिहून ठेवायचा. तो प्रत्येक जण विचारतो.

प्रशिक्षण थोडक्यात उरकलं. किट ओळखा, कॅमेरा ओळखा, ई-साक्ष्य अॅपवर पोलीस चित्रीकरण कसं करतात ते पाहा. कायद्याचा तास मात्र लक्ष देऊन ऐकावा. पुरावा उचलणं आमचं काम, पण जप्ती पोलिसांची आणि पंचनामाही पोलिसांचाच. ही रेघ पहिल्या दिवसापासून डोक्यात पक्की हवी.

पहिला कॉल पावसाळ्यात आला, पहाटे तीनच्या सुमाराला. शेतातल्या एका पाण्याच्या मोटारीच्या खोलीत मृत्यू झाला होता, संशयास्पद. गाव, नाव, तपशील लिहिणार नाही, प्रकरण कोर्टात आहे. पोचलो तर बांधावर पन्नासेक माणसं. त्यातले निम्मे आत डोकावून आलेले. बीट अंमलदारांनी दोरी बांधली होती, पण दोरीच्या आत सरपंच, पोलीसपाटील आणि एक मोटारसायकल. मला वाटलं होतं मृतदेह बघून पाय कापतील. तसं झालं नाही. आवाज फुटेना तो माणसांना ‘बाजूला व्हा’ म्हणताना. वयानं दुप्पट मोठ्या माणसांना असं सांगायची सवय कुठे असते आपल्याला? आमच्या ड्रायव्हरदादांनी शेवटी दम दिला.

खोलीच्या दाराशी, काळ्या मातीत, पन्हळीखाली एक पाऊल कोरडं राहिलं होतं. चपलेचा तळ, टाचेला घासलेला. बाकी सगळीकडे चिखल तुडवलेला. त्या एका पावलावर माझा सगळा वेळ गेला. आधी लांबून फोटो, मग मधल्या अंतरावरून दार आणि पाऊल दोन्ही येतील असा, मग शेजारी पट्टी ठेवून बरोबर वरून, कॅमेरा जमिनीला समांतर. त्यानंतर टॉर्च जमिनीलगत आडवी धरून पुन्हा, म्हणजे कडांच्या सावल्या पडतात आणि तळाची नक्षी दिसते. टॉर्च एका होमगार्ड पोरानं धरली होती, त्याचा हात थरथरत होता, त्याला दोन्ही हातांनी धरायला सांगितलं. पावलाभोवती पत्र्याची चौकट, मग प्लास्टर कालवलं. ते धिरड्याच्या पिठाइतपत सैल हवं, घट्ट झालं तर नक्षीत शिरत नाही आणि पातळ झालं तर वाळत नाही. थेट ओतलं की माती उडते, म्हणून चमच्यावर धार धरून कडेनं सोडलं. मधे बारीक काड्यांचा आधार, वर पुन्हा थर. घट्ट होता होता पाठीवर खिळ्यानं तारीख, गुन्हा नंबर आणि सही कोरली. मग अर्धा तास वाट बघायची. पावसाळी हवेत जास्तच. साहेब दोनदा घड्याळ बघून गेले. उचललं तेव्हा टाचेची झीज नखाएवढी स्पष्ट उतरली होती. त्याआधी तिथे जमलेल्या पोलिसांच्या आणि पोलीसपाटलांच्या पादत्राणांचे फोटो घेतले, म्हणजे नंतर ती वगळता येतात. पोलीसपाटील यावर जरा रागावले.

आत रक्ताचे डाग होते. वाळलेल्या डागासाठी डिस्टिल्ड वॉटरचा एखादा थेंब घेतलेला कापसाचा बोळा, आणि डागाशेजारच्या स्वच्छ भिंतीचा वेगळा बोळा कंट्रोल म्हणून, म्हणजे तुलनेसाठी. हा कंट्रोल घ्यायला लोक विसरतात आणि मग प्रयोगशाळेतून विचारणा येते. प्रत्येक नमुन्याला हातमोजे बदलायचे. कपडे खाकी कागदात. जळिताची केस असेल तेव्हा हेच उलटं: राख-माती हवाबंद डब्यात, कागदात ठेवली तर पेट्रोलचा अंश उडून जातो.

आणि मग कागद. माझ्या अंदाजानं या नोकरीचा निम्म्याहून अधिक भाग कागदाचा आहे. लेबलवर गु.र.नं. (गुन्हा रजिस्टर नंबर), कलम, ठिकाण, वेळ, काय आणि कुठून, माझी सही, पंचांच्या सह्या. लाख वितळवून सील. नमुना सील वेगळं. कुणाकडून कुणाकडे, किती वाजता गेलं, त्याची नोंद. त्या दिवशी दुसरा पंच ऐन सहीच्या वेळी मागे सरला. ‘कोर्टात कोण बोलावणार, मॅडम, ऊस तोडायचा की तारखा करायच्या?’ त्याचं काही चूक नव्हतं. तपास अधिकाऱ्यांनी त्याला चहा पाजला आणि ग्रामसेवकांना पंच म्हणून उभं केलं. उजाडून उन्हं वर आली तेव्हा आम्ही निघालो. गाडीत बसल्यावर लक्षात आलं की आदल्या रात्रीपासून मी पाणीही प्यायले नव्हते. व्हॅनमध्ये तेव्हापासून माझी वेगळी पिशवी असते: राजगिऱ्याचे लाडू, ओआरएस, जादा मोजे, सॅनिटरी पॅड, जुनी सूती ओढणी आणि दोन जादा काळी जेल पेनं. ओल्या लेबलवर बॉलपेन चालत नाही.

आता पैशांचं. पगार हातात येतो तो पीएफ वगैरे कापून, आणि पहिल्या महिन्याचा दुसऱ्या महिन्याच्या अखेरीस आला. तोपर्यंत जिल्ह्याच्या ठिकाणी खोलीचं डिपॉझिट, गादी, गॅस असे पंधरा-सोळा हजार खिशातून गेले. रुजू होताना निदान दोन महिन्यांचा खर्च जवळ ठेवा. करारात कामाचे तास लिहिलेले असतात. फोन ते वाचत नाही. पाळी ठरलेली असते, पण सणासुदीला आणि पावसाळ्यात ती मोडते. कराराची मुदत, नूतनीकरणाची अट, अपघात विमा आणि हेपॅटायटिस बी ची लस कुणाच्या खर्चानं, हे चार मुद्दे सही करायच्या आधी विचारा. लस मला विचारल्यावर मिळाली. माझ्याबरोबरच्या एकानं विचारलं नाही, त्यानं स्वतःच्या पैशांनी घेतली.

झोपेचं विचाराल तर पहिले काही महिने वाईट गेले. लहान मुलाची केस झाली त्या आठवड्यात मी आईला रोज फोन करून फक्त म्हशीबद्दल विचारायचे. तिनं ओळखलं असणार, पण तीही म्हशीबद्दलच सांगत राहिली. आमच्या टीममधल्या एका वरिष्ठ सरांनी एक नियम घातलाय, व्हॅन परत लागली की किट धुऊन पुसून जागेवर लावल्याशिवाय कुणी केसबद्दल बोलायचं नाही, आणि लावून झालं की बोलल्याशिवाय कुणी घरी जायचं नाही. तो मला लागू पडला. तेवढ्यानं भागलं नाही तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर आहे, मराठीतही बोलता येतं.

कोर्टाचं समन्स मला नुकतंच पहिल्यांदा आलं आहे. प्रयोगशाळेतल्या शासकीय तज्ज्ञांचा अहवाल पुष्कळदा त्यांना न बोलावताही वाचला जातो, पण घटनास्थळी नमुना कुणी उचलला, कसा सील केला, हे विचारायला उचलणाऱ्यालाच उभं करतात. तयारी म्हणून माझ्या त्या दिवसाच्या नोंदी, फोटोंच्या वेळा आणि लेबलची प्रत एका फाइलमध्ये लावून ठेवली आहे. सरांनी सांगितलंय, आठवत नसेल तर ‘आठवत नाही, नोंद पाहून सांगते’ म्हणायचं आणि न्यायाधीशांकडे बघून बोलायचं, वकिलाकडे नाही.

पुढचं म्हणाल तर एमपीएससीकडून सहायक रासायनिक विश्लेषकाची जाहिरात येईल तेव्हा ती देणार आहे, संचालनालयाची पुढची भरतीही. एनएफएसयूची फॅक्ट ही फॉरेन्सिकची अभियोग्यता परीक्षाही डोक्यात आहे. समास परत काढले आहेत. मुलींच्या आया हमखास विचारतात म्हणून तेवढं लिहून थांबते: हो, रात्री जावं लागतं. गाडीत टीम असते, घटनास्थळी पोलीस असतात, त्यामुळे भीती वाटावी असा प्रसंग माझ्यावर आलेला नाही. अडचण येते ती स्वच्छतागृहाची. शेतात, डोंगरात, हायवेला कुठेच सोय नसते. निघताना पोलीस ठाण्यात थांबून जायचं, आणि ठाण्यातल्या महिला अंमलदाराचा नंबर पहिल्याच दिवशी मागून घ्यायचा. गावात कुणाचं घर उघडं मिळेल ते तिला बरोबर माहीत असतं.